बोटभर

कॉम्प्रेसर धडधडतो तेव्हा
बाबांचा खोकला ऐकू येत नाही.
दोनशे बार. झडप बंद. पुढचं सिलिंडर.
एका पाहुण्याला पन्नास मिनिटांची हवा,
पैसे आगाऊ.

बाबांना हवा फुकट होती, एका वेळी छातीभर.
लाकडी चष्मा लावून, बरची घेऊन
प्रवाळांमधून चालायचे, शेजाऱ्याकडे निघाल्यासारखे.
कान पोरवयातच फुटले,
तेव्हापासून आमच्या घरात मायासुद्धा ओरडून करतात.

मकासरहून वुलानदारीबाई आल्या.
आमच्या फळ्यांच्या जमिनीवर प्लास्टिकचा नकाशा पसरला;
फटींतून खाली खरा समुद्र हलत होता.
अमावास्येला हेकरू कुठे जमतात, बुरांडा?
तेवढी जागा राखू. गळ नाही, जाळं नाही.
पाहुणे येतील, पण फक्त बघायला.

फक्त बघायला, बाबा म्हणाले.
दोन डोंगर एका ओळीत धरून जागा ओळखणारा माणूस
त्या निळ्याकडे बराच वेळ बघत राहिला.
मग पेर तुटलेलं बोट ठेवलं.
बाईंनी लाल गोल काढला.
मी चहा ओतला, बोलले नाही

की जागा बोटभर वर आहे.
नऊ वर्षांची होते, तिथे त्यांनी माझा हात पाण्यात धरून ठेवला
आणि मासे बोटांना घासून गेले,
एकामागून एक, कुणालाच घाई नसलेले.
माझी वारही तिथेच सोडलेली, करवंटीत घालून.
आमच्यात म्हणतात, ते पाण्यातलं भावंड.

आता होड्या लाल गोलावर जातात.
एखादं कासव दिसतं, पाहुणे खूश.
टिपेचा डबा खुळखुळतो,
त्यातून आमचं तांदूळ, रॉकेल, बाबांचं खोकल्याचं औषध.

परवाच्या अमावास्येला, रात्री,
उत्तरेकडून एकच दणका.
कपातलं पाणी शहारलं.
बाबा माझ्याआधी उठून बसले होते.
घराचे खांब समुद्रात रोवलेले;
त्यांनी पायांनी ऐकलं.

सकाळी दुकानात आले. भिंतीवरच्या नकाशात
लाल गोलावर बोट टेकवलं,
बोटभर वर सरकवलं
आणि काहीतरी म्हणाले.

माझा हात बटणाकडे गेला.
सिलिंडर अजून एकशे चाळीसवर होतं.