रकाना

जुबैलच्या दवाखान्यात मी रजिस्टर लिहितो.
अठ्ठावीस नंबर: नझीर चौगुले, हर्णैकडचा,
काम, टाइल्सचे सांधे भरणे.
हात त्याने टेबलावर उताणे ठेवले,
दुसऱ्या कुणाचे आणून दिल्यासारखे.
बेचक्यांत कातडी सिमेंटने खाल्लेली,
मनगटाशी रेघ, हातमोजा संपतो तिथे.
म्हणजे हातमोजे होते तर?
"एक जोडी. रमजानच्या आधीची."

डॉक्टर सांगतात, मी लिहितो: त्वचेचा दाह.
पुढचा रकाना: कामामुळे? हो / नाही.
इथे मी नेहमी पेनाचं टोपण शोधायला लागतो.
'हो' लिहिलं तर कागद कंपनीकडे जातो,
कागदामागून कधी माणूसही. विमानाने.

"सुट्टीत कमी होतं का?"
"शुक्रवारी खाजत नाही.
शुक्रवारी भात हाताने खातो मी."

मग काय लिहू?
त्याने हात खिशात घातला,
खिशाची शिवण लागली, बाहेर काढला.
"मुलीचं अ‍ॅडमिशन जूनमध्ये आहे.
जूननंतर खरं लिहा."

रकाना मोकळा सोडला.
मलमाची एक ट्यूब नोंदवून दिली,
एक न नोंदवता.
सहीला पेन धरवेना, म्हणून अंगठा:
शाईत बुडवला, दाबला.
निळा डाग उमटला कागदावर,
आत एकही रेघ नाही.