डाग

रात्री दीडला उत्रेश्वरचा फोन, लातुरातून.
"ताई, स्क्रीनचा नुसता चिखल झालाय."
मी सेलूत, मोंढ्यात,
बारदान्याच्या दुकानावरच्या खोलीत,
पायाशी इन्व्हर्टर गुरगुरतोय,
आणि ज्या कॉम्प्युटरबद्दल आम्ही बोलतोय
तो ना त्याच्याकडे, ना माझ्याकडे.
पुण्यातल्या कुठल्याशा गारठलेल्या हॉलमध्ये
एका मोठ्या मशीनच्या पोटात तो भाड्यानं राहतो.
लातूरला येतं ते त्याचं नुसतं चित्र,
क्षणाक्षणाला नव्यानं पाठवलेलं.

"माउस मागनं येतोय, म्हशीमागं रेडकू आल्यावानी."
मी त्याच्या स्क्रीनवर शिरते.
छातीचा एक्स-रे.
नाव झाकलेलं, वय तेवढं दिसतंय : एकोणीस.
बरगड्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या तुटलेल्या,
उजवीकडे वर एक करडा चौकोन,
त्याच्याखाली बोटाच्या पेराएवढं काहीतरी.

इनामदार डॉक्टर मागून विचारतात,
"हा डाग छातीतला, की तुमच्या लाइनीतला?"

आठ वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.
लोक म्हणतात अडकतंय, पगारपत्रक उघडेना.

शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली.
वॉलपेपर काढला, त्यावर कुणाच्या तरी मुलीचा वाढदिवस होता.
दुसरा मॉनिटर बंद. रंग कमी.
चित्राचा दर्जा एक पायरी खाली.
माउस पळायला लागला,
एक्स-रे मात्र आणखी मळला.
"वेग नको मला," डॉक्टर म्हणाले, "खरं दिसू द्या."
सगळं परत जिथल्या तिथं ठेवलं. लाज वाटली थोडी.

मग पिंग लावून बसले.
अडतीस, चाळीस, अडतीस,
चारशे दहा,
उत्तर नाही,
उत्तर नाही,
अडतीस.
आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं,
मला थांबायची सवय आहे.
शंभरातले सहा तुकडे वाटेतच गळत होते,
आणि त्या गळण्याला ठेका होता.
तुटलेली वायर अशी ताल धरून तुटत नाही.
कुणीतरी तोंड लावून पीत होतं.

"उत्रेश्वर, रात्री एकला तुमच्याकडं काय सुरू होतं?"
"काहीच नाही ओ."
मग बऱ्याच वेळानं, "कॅमेरे तेवढे."
सोळा कॅमेरे.
रिकामा व्हरांडा, पार्किंगमधलं झोपलेलं कुत्रं,
दिवसभराचं सगळं रोज एक वाजता वर पाठवतात
त्याच बारीक वायरीतून.
"बंद करा."
"मालक वरडतील."
"पहाटे चारची वेळ लावा. माझं नाव सांगा."

अडतीस. अडतीस. एकोणचाळीस. अडतीस.

तुरटी फिरवल्यावर घागरीचा तळ दिसावा
तसं चित्र बसायला लागलं.
आधी खांद्याची हाडं, मग बरगड्या.
करडा चौकोन एकदा थरथरला
आणि विरघळला. तो माझा होता.

त्याच्याखालचा तसाच राहिला.
आता त्याला कडाही होत्या.

डॉक्टरांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.
उत्रेश्वर हळूच म्हणाला,
"पोरगं बाहेर बाकड्यावर बसलंय ताई, मोबाइल बघत."

फॉर्मवर शेवटी खूण करायची असते,
समस्या सुटली : हो, नाही.
मी हो वर केली. कारण, कॅमेरे.
पिंग बंद करायला गेले, आणि केलं नाही.
काळ्या खिडकीत ते पहाटेपर्यंत चालू होतं,
अडतीस, चाळीस, अडतीस.