द्विसदस्य

चार मैलांना एक इंच.
बेळगावच्या भूमापन कचेरीत मी ट्रेसर होतो.
माझ्या टाकाची बारीकातली बारीक रेघ
जमिनीवर अर्धा फर्लांग रुंद पडायची.
तिच्याखाली कोण राहतं
हे विचारायची पद्धत नव्हती.

कल्लाप्पा मेत्री राहायचा.

बावन्न साली त्याच्या हातात तीन चिठ्ठ्या आल्या:
दिल्लीची एक, मुंबईच्या दोन.
मतदारसंघ एक, आमदार दोन,
त्यातला एक राखीव जागेवरचा.
मुंबईच्या दोन्ही एकाच पेटीत टाकायच्या नाहीत,
एवढंच समजावता समजावता
गुरव मास्तरांचा घसा बसला.
पाटील पुढं, कल्लाप्पा चार हात मागं,
रांग तरी एकच.
बाहेर आल्यावर बोटाची शाई न पुसता म्हणाला,
"त्यास्नीबी दोन, मलाबी दोन.
मोजून घेतलो की मी."

सत्तावन्नला त्याच दोन बंगळूरच्या झाल्या.
खोली तीच, खिडकीचा मोडका गज तोच,
गाव दुसऱ्या राज्याच्या यादीत.
त्यावरून पुढं काय काय झालं,
मोर्चे, लाठ्या, ठराव,
ते सगळ्यांना पाठ आहे.

बासष्टचं कोणी सांगत नाही.
जोड तोडली होती.
एकाचे दोन मतदारसंघ झाले,
राखीव तेवढा नदीपलीकडं गेला.
कल्लाप्पानं बंगळूरची एक घेतली,
हात तसाच पुढं ठेवला.
"दुसरी?"
नवीन साहेब कानडीत म्हणाला, एकच.
"मग वाटेत सांडली काय?"
रांग हसली. तोही हसला.
हात मात्र बराच वेळ तिथंच होता.

पुढं दोनदा रेघ हलली.
एकदा माझ्याच हातून:
ओढ्याच्या अलीकडची पलीकडं घेतली,
जुनी ब्लेडनं खरवडली.
ट्रेसिंगच्या कापडावर खरवडलेलं
उजेडाकडं धरलं की दिसतं.
मी धरून पाहिलं होतं,
मग गुंडाळी करून वर पाठवलं.

दोन हजार आठला मतदारसंघाचं नावच गेलं.
आता मी निवृत्त, लोकांचे अर्ज भरून देतो.
कल्लाप्पाचा नातू यादी घेऊन आला.
कानडीतून मराठीत येताना
मेत्रीचं झालंय 'मैत्री'.
भरमा कल्लाप्पा नव्हे,
भरमा यल्लाप्पा मैत्री, घर क्रमांक नाही.

दुरुस्तीचा अर्ज मी लगेच लिहून दिला.
त्यानं घडी करून खिशात ठेवला.
तीन निवडणुका झाल्या,
अजून दिलेला नाही.