एक, दोन, चार, तीन

ऑल्डन पिंकहॅमनं डिस्ट्रिब्युटर आणला पावाच्या डब्यातून,
खुणा न करता उपसून काढलेला.
"कुठल्या दिशेला तोंड होतं?"
म्हणाला, "पाण्याकडे."

जोन्सपोर्टचा एप्रिल. ओहोटीला बंदर पोट उघडं टाकतं:
चिखल, दोर, लॉब्स्टरचे मोडके पिंजरे.
खाली त्याची शेड, वरच्या खोलीत मी भाडेकरू,
गावच्या शाळेत अपूर्णांक शिकवणारी.
त्याचे हात थरथरतात, उजवा कान गेलेला.
माझ्या हातांना शनिवारी काम नव्हतं.

झाकण काढलं.
चारही टोकांवर हिरवट बुरा,
समुद्र आत येऊन बसला होता, बिनबोलावता.
दांडा चिमटीत धरून हलवला, तर डुगडुग,
पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा.
अशानं फट कितीही मोजा,
चार उंचवट्यांवर चार उत्तरं.

म्हणून आधी बुश. जुना ठोकून काढला,
नवा साबुदाण्यासारखा भिजत घातला, तेलात, रात्रभर.
सकाळी शेगड्यात धरून पाव-पाव फेऱ्यानं बसवला.
खालची वजनं गंजून मिटलेली.
वेग वाढला की यांनी पंख उघडायचे,
ठिणगी जरा आधी पाडायची.
किती वर्षं उघडले नव्हते कोण जाणे.
तेवढी वर्षं इंजिन
प्रत्येक वाक्य उशिरा बोलत होतं.

मग पॉइंट. इंचाचे वीस हजारांश.
पातं आत जावं, पण किंचित अडावं.
किंचित म्हणजे किती, ते कुठल्या पुस्तकात नसतं.

मिरजेत, सतारमेकर गल्लीत,
दादा तारेखाली सुताचा दोरा सरकवायचे,
केसभर मागे, केसभर पुढे,
आणि एका जागी मुकी तार एकदम उजळायची.
"लागली जवारी," म्हणायचे, आणि मगच श्वास सोडायचे.
मला पॉलिश करायला मिळे. जवारी भावाकडे.

स्क्रू आवळला की फट सरकते.
सात वेळा आवळला.

बोटीवर गेलो. 'वेल्मा' कोण, विचारलं,
तर म्हणाला, घेतली तेव्हाच होतं ते नाव.
त्यानं फ्लायव्हील फिरवलं,
मी पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा धरला,
हवेनं तो ढकलला. हीच वेळ.
तारा लावल्या: एक, दोन, चार, तीन.
वर्गात कुणी असं मोजलं तर मी लाल पेन काढते.

स्टार्टर दाबला.
कार्ब्युरेटरला ठसका लागला, धक्क्यावरचे सीगल उडाले.
एक आणि चार खरे, दोन आणि तीन खोटे.
रोटर प्रदक्षिणेच्या दिशेनं जात होता,
तारा मी उलट्या फेरीनं लावल्या होत्या.
ऑल्डन काही बोलला नाही. थर्मासमधली कॉफी दिली.

दुसऱ्यांदा लागलं, पण कुरकुरत.
बोट खांबाला बांधलेलीच, गिअर टाकला, दोर ताणले.
त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं,
मूठ दातांत धरली, डोळे मिटले.
मी डिस्ट्रिब्युटर फिरवत गेले, केसभर.
त्याचं बोट: अजून.
अजून.
आवाज वर चढला, मग सैल पडला. मागे.
बोट थांबलं.

"जवारी," मी म्हणाले, मोठ्यानं.
"काय?"
"काही नाही. आवळते."

शेवटी तारांवर आकडे घातले,
जवळ पांढरं नेलपॉलिश होतं,
आणि हातातून आपसूक आले ते १, २, ४, ३.
लक्षात आलं तोवर वाळले होते.
जूननंतर मी इथे नसेन, व्हिसा तेवढाच.

चष्मा कपाळावर ढकलून त्यानं निरखलं.
"हा तिसरा, नाकावर उभा राहिलेला मासा?"
"चार."
"बरं," म्हणाला, आणि पेटी बंद करताना
पुटपुटत राहिला, पाठ होईपर्यंत:
एक, दोन, मासा, तीन.