अंगठाबहाद्दर

शारजात, इंडस्ट्रियल एरिया तेरा,
टायरच्या गोदामावरचा दुसरा मजला. तिथे माझं टेबल.
माणसं यायच्या आधी त्यांच्या भिंती येतात माझ्याकडे,
मी वाचत खाली खाली जाते.
फादी साहेब म्हणतात, सीव्ही सगळेच इस्त्री करून पाठवतात,
तू चुरगळलेलं शोध.

आज तौफिक बुरोंडकर.
टॉवर क्रेन, नऊ वर्षं, लायसन्स चालू,
व्हिजिट व्हिसाचे एकवीस दिवस शिल्लक.
फोटोभोवती ती हिरवी कड,
रिकाम्या टॅक्सीवरच्या दिव्यासारखी.
खाली इंग्रजी परिच्छेद, कुणाच्या तरी भाच्याने लिहून दिलेला:
ध्यास, सांघिक भावना, उंचीचा अनुभव.

आणखी खाली, तीन वर्षांमागची एक रात्र,
पावणेतीन वाजता, मराठीत:
'पाठीवर मारा, पोटावर नको. चार झाले.'

साहेबांनी भाषांतराचं बटण दाबलं.
यंत्राने जसंच्या तसं सांगितलं,
मला पाठीत मारा, पोटात नको, चार घडले.
'मारामाऱ्या करतो का हा?'
अख्ख्या ऑफिसात मराठी एवढी मीच.
म्हटलं, म्हण आहे सर. जेवणाबद्दल.
'जेवणाबद्दल?'
हो सर. जेवणाबद्दलच.
खोटं नाही बोलले.
चार म्हणजे महिने, हे यंत्राला कळलं नाही
आणि मी सांगितलं नाही.

रात्री भाचीच्या जुन्या अकाउंटवरून लिहिलं त्याला:
ती पोस्ट काढून टाका. बघणारे बघतात.
कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत उत्तर आलं:
'तुम्ही ताई की दादा, माहीत नाही. भलं सांगताय, मेहेरबानी.
पण त्या चार महिन्यांची दुसरी पावती नाही माझ्याकडे.
तेवढी एक ओळ आहे.'

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतःच त्याच्या भिंतीवर फिरत होते.
जानेवारीतल्या पहाटेचा फोटो:
धुक्यात बुडालेलं शारजा,
इमारतींची फक्त डोकी वर, जत्रेत बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोरांसारखी,
कोपऱ्यात काचेवर वाफ, लिव्हरची मूठ, चहाचं झाकण.
'खाली ढग, वर मी.'
अकराशे चाळीस लोकांना आवडलेला.

साहेब बघतच राहिले.
'सुंदर,' म्हणाले. मनापासून म्हणाले.
मग खुर्ची मागे सरकवून,
'म्हणजे केबिनमध्ये फोन वापरतो.'

फाइल मिटली.
मिटता मिटता त्यांना त्या अकराशे चाळिसांत एक नाव दिसलं.
'तू?'
हो सर. गेल्या जानेवारीत.
तेव्हा तो मला कुणीच नव्हता. नुसतं धुकं आवडलं होतं.

माझा आजा अंगठाबहाद्दर.
पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला
तरी आधी तिघांना विचारायचा, कागदावर काय लिहिलंय ते वाचा रे,
मग शाईत बुडवायचा अंगठा,
आणि दिवसभर तो निळा अंगठा बाजूला धरून वावरायचा.
मी एम.बी.ए.
मी अंगठा दिला अल नहदाच्या सिग्नलला,
लाल होता तेवढ्यात.

माझ्या स्वतःच्या भिंतीवर लिहिलंय: माणूस आधी.
ते मी काढलेलं नाही.
तो अंगठाही नाही काढला.
आता काढून कुणाचं काय होणार होतं म्हणा.

एकोणीस दिवस राहिलेत त्याचे.
बाकीच्या कंपन्यांतही कुणीतरी असेलच माझ्यासारखं,
खाली खाली जात.
सांगायला हवं, तो धुक्याचा फोटो काढ बाबा.
लिहायला बसले: 'तो तुमचा फोटो...'
पुसलं.
'तुमचा सगळ्यात चांगला...'
पुसलं.

त्याला तिकडे तीन ठिपके दिसत असणार,
हलताना, थांबताना, पुन्हा हलताना.
बराच वेळ.
शेवटी त्यानेच लिहिलं:
'बोला ना.'