प्रतिपत्री

शब्द मला आधी कळलाच नाही.
पाकीट एकोणीस दिवसांनी गोठिवलीला पोचलं,
पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे नुसता एक आकडा,
ना गाव, ना डोंगर.
आत फॉर्म, साहेबाचा शिक्का, हरेश्वरची सही,
शाळेत गिरवायचा तशीच, र ला शेपूट काढलेली.
‘मी माझ्या वतीने सुगंधा चांगा मढवी यांची
प्रतिपत्री म्हणून नेमणूक करीत आहे.’
मला वाटलं, उलटटपाली पत्र मागतोय.

ठाण्याला कोर्टनाक्यावर नोटरी म्हणाला,
बाई, म्हणजे तो तिथे राहणार
आणि त्याचं मत तुम्ही देणार.
शिक्का मारला, दीडशे घेतले,
पावती मागितली तर हसला.

फोन दोनदा तुटला. तिसऱ्यांदा तो एवढंच बोलला,
‘बाय, वरना चवथा बटन. इसरू नको.’

चौथा!
ज्याने आपल्या साडेबारा टक्क्याच्या प्लॉटची फाइल
सिडकोच्या कुठल्या मजल्यावर जिरवली
ते बाबा मरेपर्यंत कळलं नाही, तो चौथा.
मी म्हटलं, हरू, तुला तिथे बसून काय माहीत?
तो म्हणाला, मला तिथे बसूनच माहीत.
त्यावर मला काही बोलता आलं नाही.
नेटवर्क होतं तेव्हा.

शाळा क्रमांक अमुक, खोली चार,
पहिलीच्या बाकांची रास व्हरांड्यात,
भिंतीवर ग गणपतीचा, घ घराचा.
रबाळ्याच्या कंपन्यांचा वास त्या दिवशीही होताच,
यंत्रांना सुट्टी नसते.
आधी माझं. तर्जनीवर शाई. दुसरं बटण.
शिट्टी वाजली तशी बाहेर आले, पुन्हा टेबलापाशी.

बाईंनी यादी शेवटापासून उघडली,
सैनिकांचं पान गावाच्या पाठीमागे असतं.
‘हरेश्वर चांगा मढवी’, मोठ्याने वाचलं,
आणि रांगेतली वनू काकी मागे वळून बघायला लागली
की हरू आला कुठे.
‘डावा हात. मधलं बोट.’
कायद्यात तसंच लिहिलंय म्हणे,
दुसऱ्याचं मत मधल्या बोटावर.
पोलिंग एजंट पोरं खाली बघून हसली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटी.
खरं सांगते, बोट दुसऱ्याच बटणावर गेलं होतं.
कुणाला कळणार होतं?
त्याला नाही, साहेबाला नाही, नोटरीला तर नाहीच.
काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते,
मग पडते, मग ती कुणाचीच नसते.
मी वरून मोजलं. एक, दोन, तीन.
चौथं दाबलं.
सात सेकंद त्या माणसाचं चिन्ह बघत उभी राहिले.
एवढा वेळ मी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

म्हणजे हिशेब असा झाला,
माझं मत त्याने खाल्लं, त्याचं मी,
मढवींच्या घराची बेरीज शून्य.
यासाठी दोन बशी, एक नोटरी, भर मे महिन्यातलं ऊन.

संध्याकाळी रॉटरडॅमहून प्रज्योतचा मेसेज,
‘आत्या, माझंही नाव आहे यादीत, माझंही टाक ना.’
त्याला लिहिलं, तुझं तुलाच यावं लागतं,
पासपोर्ट घेऊन, याच खोलीत, घ घराचा समोर.
त्याने तिकिटाच्या भावाचा फोटो पाठवला.
माझ्याकडे तिसरं बोट आहे रे,
पण त्याला फॉर्म नाही.

निकाल लागून गेला. कोण आलं ते सांगत नाही.
निवटे साफ करताना, भाकरी थापताना
दोन्ही नखं शेजारीशेजारी दिसतात.
शाई नखाबरोबर वर सरकते,
आणि मधल्या बोटाचं नख, माझं तरी,
जरा लवकर वाढतं.
गेल्या रविवारी हरूचं मत टोकाला आलं.
नेलकटर हातात घेतलं होतं मी.

फोन वाजला. आकडा अनोळखी, खरखर, मग शांत.
‘हॅलो’ म्हटलं. ‘हॅलो हरू, चौथंच दाबलं रे.’
पलीकडे वारा होता की तो, सांगता येत नाही.
नख अजून कापलेलं नाही.