खांदमळणी, सोहार बंदर

बेचाळीस मीटर उंचीवर माझी काचेची खोली.
तिची जमीनही काचेची.
बारा तास दोन पायांच्या मधून खाली बघायचं:
जहाज, डबा, ट्रेलर, पुन्हा जहाज.
आभाळात नोकरी लागली, असं गावात सांगतात.

मान आधी कुरकुरली, मग ताठरली,
मग उजवा खांदा वर सरकत कानाशी गेला,
काहीतरी खासगी सांगायला आल्यासारखा.
डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, पठाणाचं मलम झालं.
शर्टाची बटणं लावताना बोटांना मुंग्या यायच्या,
ते मी कुणाला सांगितलं नाही.
क्रेनवाल्याने असलं सांगायचं नसतं.

क्वो मास्तर तारा तपासायला येतो.
साठीचा, बुटका; कंपनीने क्रेनसोबतच
पेटीत घालून पाठवला असावा.
मला मागून चालताना बघून म्हणाला,
"गर्दन खराब. मालूम."

रात्री कॅम्पच्या खोलीत त्याने आधी एसी बंद केला.
मला स्टुलावर उलटं बसवलं,
चहाच्या कपात खोबरेल कोमट केलं
आणि रुमालातून काढला एक काळा तुकडा,
माशासारखा, कडा झिजून गुळगुळीत.
"गुआ शा."
मानेवरून खाली, खांद्याकडे, एकाच दिशेने,
"शुवय्या, शुवय्या," म्हणत.
मी श्वास धरून बसलेला.

कातडीखाली करकरलं.
त्याने खिडकीबाहेर बोट केलं,
कुंपणापलीकडे दिव्यात पिवळी पडलेली वाळू:
"सेम सेम."

घासून घासून तो तुकडा तापला
आणि एक वास आला. ओळखीचा.
कसला आहे हा, विचारलं, तर त्याने
कपाळाला दोन बोटं लावली आणि हंबरला.

शिंग.

पोळ्याची आदली संध्याकाळ.
गरम पाणी, हळद, लोणी.
जू बसून बसून जिथे केस उरले नव्हते
तिथे बाप हौशाचा खांदा मळायचा,
आणि कानाशी वाकून म्हणायचा,
आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.
मी वाटी धरून उभा.
लोणी बोटाने चाटायचो, बाप बघत नसला की.
हौशाच्या खांद्याला काय वाटत असेल
हे कळायला मला ओमानला यावं लागलं,
आणि मळायला शिंगच आलं,
कुठल्या मुलखातल्या, कुणाच्या म्हशीचं.

व्हिडिओवर कुंदाने पाठ बघितली,
वांग्याच्या रंगाचे पट्टे,
"कोणं मारलं तुम्हाले?"
रडायलाच लागली.
बापाने फोन हातात घेतला, चष्मा पुसला,
बराच वेळ बघत राहिला.
"वळ नाहीत हे. खांदा मळलाय कोणीतरी."
मग, "लोणी होतं का?"
"खोबरेल."
"चालते. दोन दिवस जू नको लावू."

सकाळी सहाला मी वर होतो.
पहिला डबा, दुसरा, चाळिसावा.
मान दुखलीच, पण वेगळी दुखली,
कुणीतरी दखल घेतल्यासारखी.

पैसे दिले तर मास्तर चिडला.
म्हणून मग गँगवेच्या पायऱ्यांशी गाठून
त्याच्या कानाशी वाकून मी ते वाक्य म्हटलं,
आवतणाचं, जेवणाचं, पूर्ण, मराठीतच.
त्याने बटणांत अडकलेलं ग्रीस पुसलं, मान हलवली.
एक शब्द कळला नसावा.

शुक्रवारी पिठलं-भात टाकला होता.
दार वाजलं.
हातात स्वतःचा चमचा.